लाभ सोडून चोवीस

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईनं स्वतःची बाजू तेवढी झाकून ठेवली. टोकावड्याहून मुरबाडला सकाळच्या एसटीनं जाणाऱ्या बायकांत मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे. कंडक्टरसुद्धा माझ्या वाटेला जात नाही. पण त्याच बायकांना विचारा, तांब्याची तार कडीवर घट्ट, एकसारखी आणि ओरखडा न पाडता कोण गुंडाळतं. माझ्याकडेच बोट दाखवतील. सोळा वर्षं मी हे काम करते आहे आणि मला त्याचा गर्व आहे. गर्व नाही म्हणायचं, अभिमान म्हणायचं, असं माझी मुलगी शिकवते. बरं, अभिमान.

एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आमचं युनिट आहे. तिथं कॉइल बनते. तान्ह्या बाळाच्या वाळ्याएवढी काळी कडी असते, तिच्या भोकातून तार आत घालायची, बाहेरून ओढून घ्यायची, पुन्हा आत घालायची. असे ठरलेले वेढे झाले की कॉइल तयार. मग ती चार्जरमध्ये बसते, इन्व्हर्टरमध्ये बसते, दवाखान्यातल्या मशीनमध्ये बसते. बारीक तारेच्या कॉइलला मशीन असतं, पण जाड तार मशीनला नीट वळवता येत नाही. तिला हातच लागतो. बोटांना घट्टे पडतात आणि अंगठ्याचं नख कायमचं चपटं होतं. माझं झालंय.

आमच्या सेक्शनला दोन टेबलं, एकेका टेबलाला सहा बायका. बोलता बोलता वेढे चुकायचे म्हणून मी एक रीत पाडली. टेबलावरच्या एकीनं मोठ्यानं मोजायचं आणि सगळ्यांनी तिच्या आवाजावर एकदम वेढा घालायचा. पहिल्या वेढ्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. खळ्यावर भात मापताना पहिली पायली पडली की माणूस लाभ म्हणतो आणि मग दोन, तीन असं पुढं जातो, तसंच. शेठ पहिल्यांदा ऐकून हसले होते. मी म्हटलं, हसा, पण चुकलेली एक कॉइल दाखवा. त्यांना दाखवता आली नाही.

दोन वर्षांपूर्वी काम कमी व्हायला लागलं. आधी शनिवार बंद झाला, मग आठवड्याचे तीनच दिवस उरले. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे पुण्याकडची एक कंपनी. तिनं कॉइल चीनहून मागवायला सुरुवात केली होती. एके दिवशी दुपारी आम्ही भाकरी सोडून बसलो होतो, तेव्हा शेठ आत आले आणि स्टुलावर बसले. एरवी ते आमच्यात असे बसत नाहीत.

"तिकडची तयार कॉइल ज्या भावात येते," ते म्हणाले, "त्या भावात मला इथं नुसती तांब्याची तार मिळत नाही. सांगा, मी काय करू?"

मी विचारलं, "तार काय त्यांच्या घरी पिकते?"

ते म्हणाले की तिथं तार ओढणारा, कडी बनवणारा, कॉइल गुंडाळणारा आणि खोकं बनवणारा असे सगळे एकाच रस्त्यावर असतात. आणि माल एवढा बनवतात की अख्ख्या जगाला पुरून उरतो. उरलेला जिथं खपेल तिथं, पडेल त्या भावात विकतात. आपल्याकडे काळी कडीसुद्धा तिकडूनच येते हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं जी हातात धरली ती चीनची होती. मला उगाच कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं.

"मग आपण त्यांना काय विकतो?" कोपऱ्यातून प्रश्न आला. विचारणारी टिनिंगवाली होती. कॉइलच्या तारेची टोकं वितळलेल्या कथलात बुडवून चकचकीत करायची, त्याला टिनिंग म्हणतात. ते काम ती वर्षभर करत होती. गावाबाहेरच्या वाडीवरची, बोलायला कमी, आणि सहसा काही विचारायची नाही.

शेठनी बोटांवर मोजायला घेतलं. "बरंच काही विकतो," ते म्हणाले. "पण बघायला गेलं तर लोखंडाची माती जहाजं भरभरून जाते. माती जाते आणि वस्तू येते."

"माती तर आमीपण थापतो," टिनिंगवाली म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. बायका हसल्या. मीही हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे नंतर कळलं.

तिच्या वाडीला शेती नाही. दिवाळी झाली की मुकादम येतो, टेंपो येतो, आणि घरंच्या घरं कुलूप लावून भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पोरंही बरोबर जातात. पाऊस तोंडावर आला की परततात. टिनिंगवाली आमच्याकडे लागली त्या वर्षी प्रथमच मागं राहिली होती. नवरा आणि थोरली मुलगी तरीही गेलेच, कारण हिच्या एकटीच्या कामावर घर उभं राहील याची खात्री कुणालाच नव्हती. मुलगी चौथीत होती. दिवाळीनंतरची शाळा तिनं कधी पाहिलीच नव्हती.

काम तीन दिवसांवर आलं तशा आमच्या दुसऱ्या टेबलावरच्या सहाही जणी एकेक करून निघाल्या. कुणी औषधाच्या कंपनीत पॅकिंगला गेली, कुणी सरळगावला दुकानात. त्यांना नावं ठेवत नाही, पोटाचा प्रश्न सगळ्यांनाच असतो. पण माझं अर्धं सेक्शन ओस पडलं आणि शेठ मोकळी जागा पाहून मनात काही मापायला लागले. एक दिवस त्यांनी बोलूनच टाकलं. गुंडाळायचं बंद करू, तिकडची कॉइल खोक्यांनी आणू, वर आपलं लेबल लावू आणि पुढं पाठवू. दोन हमाल पुरतील.

माझं डोकंच सणकलं. "शेठ," मी म्हटलं, "मग गाळ्यावरची पाटी पण बदला. कारखाना पुसा आणि गोडाऊन लिहा."

रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत. त्यांनाही ते झोंबत होतं. हा माणूस स्वतःच्या हातानं मशीन उघडून दुरुस्त करणारा, लेबलं चिकटवायला जन्मलेला नव्हे. आठ दिवसांनी त्यांनीच एक बातमी आणली. पुण्याच्या कंपनीला गाड्या चार्ज करायच्या यंत्रासाठी जाड तारेची नवी कॉइल हवी होती. चोवीस वेढे. तिकडचा नमुना त्यांच्या हातात होताच, पण आमचीही तपासून बघायला ते तयार होते. दोनशे नग पाठवायचे. पास झालो तर जाड तारेचं सगळं काम आमच्याकडे, नाहीतर गोडाऊन.

दुसऱ्या टेबलाला बायका कुठून आणायच्या? टिनिंगवाली म्हणाली, "वैनी, माझ्या वाडीच्या पाचजणी हायत. हात चालतो त्यांचा." मला शंका होती, खोटं कशाला बोलू. विटा थापणारा हात तारेला कसा वळेल असंच मनात आलं. पण दुसरा इलाज नव्हता. सगळ्यांना पंधरा दिवस शिकवलं. तार कशी ताणायची, नखानं कशी बसवायची, वेढ्याशेजारी वेढा कसा लावायचा. हात खरंच चालत होता. टिनिंगवालीला मी त्या टेबलाची मोजणारी केलं, कारण त्या पाचजणी तिचंच ऐकायच्या. रीत सांगायची गरज वाटली नाही. वर्षभर कोपऱ्यातून ती आमचा लाभ ऐकतच होती.

आणि काम सुरू होण्याआधी ती मला एकटीला म्हणाली, "हे टिकलं तर यंदा आमची सहा घरं जायची नाय. पोरीला सांगून ठेवलंय मी."

"कशाला सांगितलंस आधीच?" मी खेकसले. पण मला भीती वाटली म्हणून खेकसले.

दोनशे नग झाले. माझ्या टेबलाचे शंभर, त्यांचे शंभर. मीटरवर लावले, सगळे पास. त्यांच्या ट्रेमधले नग पाहताना भोकाच्या आत एक वेढा शेजारच्यावर चढल्यासारखा दिसत होता. एका नगात नाही, बऱ्याच नगांत. मी पाहिलं, नवा हात आहे म्हणून सोडून दिलं आणि ट्रे बंद केला. ही चूक माझी. हे मी आज लिहिते आहे, त्या दिवशी मात्र बोलले नव्हते.

चौथ्या दिवशी शेठ फोन हातात घेऊनच आत आले. अर्धा माल उत्तम निघाला होता, तिकडच्या नमुन्याच्या तोडीस तोड. उरलेला अर्धा फेल. चोवीसच्या जागी पंचवीस वेढे. एका-दोन नगांत नाही, शंभरच्या शंभर नगांत. कड्यांमध्येच थोडा कमीजास्त फरक असतो म्हणून आमच्या मीटरनं ते पकडलं नव्हतं. पुण्याच्या माणसानं टाचणी लावून वेढे मोजले होते.

मी उठले आणि दुसऱ्या टेबलाशी गेले. काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. चोवीसपर्यंत मोजता येत नाय तर मोजायला बसलीस कशाला, असं म्हणाले. हे सगळ्यांसमोर, तिच्या वाडीच्या बायकांसमोर. आणखी बोलले की भट्टीवर बरी होतीस.

तिनं हातातली कडी खाली ठेवली. "वैनी, आमी चोवीसच घातले," ती म्हणाली. "लाभ सोडून चोवीस."

"लाभ सोडून म्हंजे काय? लाभ म्हंजेच एक."

"तुमच्या खळ्यावर एक," ती शांतपणे म्हणाली. "आमच्यात लाभ मोजत नाय. तो वरचा. लाभ झाला की मग एक."

बाकीच्या पाचजणी माना हलवत होत्या. त्यांना यात चूक कुठं आहे तेच कळत नव्हतं.

मी जागेवर येऊन बसले आणि मला आमचं खळं आठवलं. वडील भात मापायला बसायचे. झोडणीला आलेल्या बायका मजुरीचं भात घ्यायला ओळीनं पदर पसरून उभ्या असायच्या. वडील पायली ओतायचे आणि म्हणायचे, लाभ. मग दोन, तीन. ओळीतली एखादी दरवर्षी म्हणायचीच, "लाभ सोडून मापा की, बाबा." वडील हसायचे. आम्ही पोरं हसायचो. त्यांनी लाभ कधीच सोडला नाही. मला वाटायचं ती बाई थट्टा करते. ती थट्टा नव्हती, ती मागत होती. आणि ओळीतल्या त्या बायकांच्या घरात मापाची जी रीत होती तीच इथं माझ्या टेबलावर येऊन बसली होती. या बायकांना मोजता येत होतं. शंभर नगांत एकदाही न चुकता त्यांनी त्यांच्या हिशेबानं बरोबर मोजलं होतं. माझी मान खाली गेली, आणि ती सहसा जात नाही.

शेठच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं की शिकवणारी मी, रीत माझी, समजावून सांगितली नाही ती मीच, आणि शेजारच्यावर चढलेला तो पंचविसावा वेढा डोळ्यांनी पाहूनही ट्रे बंद करणारी मीच. "पुण्याला फोन लावा," मी म्हटलं, "आणि एवढंच विचारा, शंभर नगांत शंभर तऱ्हेच्या चुका असत्या तर वेगळी गोष्ट. इथं शंभर नगांत एकच चूक, तीसुद्धा तंतोतंत सारखी. असा हात त्यांना कुठं मिळणार?"

 शेठनी हेच वाक्य जसंच्या तसं फोनवर सांगितलं. पलीकडून कुणीतरी हसलं. शनिवारपर्यंत मुदत मिळाली. पुण्याची इंजिनिअर स्वतः येऊन बघणार होती.

फेल झालेले शंभर नग परत आले. नव्या कड्या नव्हत्या. त्या जहाजानं येतात, एसटीनं नाही. म्हणून जुन्या कॉइल उलगडून, तार फेकून, कड्या पुसून पुन्हा गुंडाळायच्या होत्या. मी दोन्ही टेबलं जोडली. वाडीच्या बायका आणि गावच्या बायका एकाआड एक बसवल्या. पहिल्या दिवशी डबे वेगवेगळे उघडले गेले, दुसऱ्या दिवशी सुकटीची चटणी फिरायला लागली.

मोजायचं कसं, हा प्रश्न होताच. गावच्या बायका म्हणाल्या, लाभ काढून टाकू, सरळ एक म्हणू. मला ते पटेना. मी टिनिंगवालीला म्हटलं, "तू मोज गो. तुझ्या रीतीनं. फक्त लाभ म्हणताना हात रिकामा ठेवायचा. कडी उचलायची, लाभ म्हणायचं आणि मग तार घ्यायची."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माफी मागितली असं कुणी म्हणणार नाही, पण तिला कळलं. तिनं कडी उचलली. लाभ. बारा रिकामे हात थांबले. मग एक, दोन, तीन. त्या गाळ्यात इतक्या वर्षांत असा एकसारखा आवाज मी ऐकला नव्हता.

शनिवारी इंजिनिअर आली. माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं आमच्यातला एक आणि तिकडचा एक नग यंत्राला जोडला आणि तापायला सोडला. तोपर्यंत मी तिकडची दुसरी कॉइल हातात मागून घेतली. अंगठ्यानं चाचपली. काम नीट होतं. वेढे ओळीनं बसलेले होते, ताण बरोबर होता. कुठंतरी लांब एखाद्या बाईचंही नख माझ्यासारखंच चपटं झालं असेल असं वाटलं. तिच्याविरुद्ध माझं काही नव्हतं. पण भोकाच्या कडेला नख फिरवलं आणि थांबले. तारेवरचा लेप तिथं किंचित खरवडला होता. मशीननं ओढलेली असणार, नाहीतर घाईनं.

"इथं बघा," मी इंजिनिअरला म्हटलं. तिनं भिंग लावलं. मग आमची घेतली, तीही भिंगाखाली धरली. बराच वेळ बघत होती.

"तुम्हाला हे नखाला कळलं?"

"तुमाला भिंगाला कळलं, मला नखाला," मी म्हटलं. शेठ खोकले. जास्त बोलू नको याची ती खूण होती.

तिनं मग पुन्हा गुंडाळलेले नग एकेक उचलून टाचणीनं वेढे मोजले. चोवीस. पुन्हा दुसरा. चोवीस. वीस-पंचवीस नग तरी मोजले असतील. टिनिंगवाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. यंत्रावर आमची कॉइल तिकडच्या कॉइलपेक्षा कमी तापली. इंजिनिअरनं कागदावर लिहिलं आणि शेठना म्हणाली की जाड तारेचं काम तुमचं. बारीक तारेचं मात्र तिकडूनच येणार, तिथं भावाचं काही करता येणार नाही. म्हणजे सगळं जिंकलो असं नाही. बारीक तारेचं आमचं जुनं मशीन आजही कपडा पांघरून कोपऱ्यात आहे आणि काळी कडी आजही जहाजानंच येते. पण बारा बायकांचं सेक्शन पूर्ण सहा दिवस चालू झालं. वेष्टनावर शेठनी मुरबाड असं ठळक छापून घेतलं. तो माल पहिल्यांदा टेंपोत चढला तेव्हा मी गाळ्याच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी होते. फुशारकी म्हणा हवं तर, मला चालेल.

दिवाळी झाली. मुकादम नेहमीप्रमाणे वाडीवर आला. टिनिंगवालीनं हे मला तार ओढता ओढता, नजर वर न करता सांगितलं. आता ती टिनिंग करत नाही, तरी आम्ही तिला तेच म्हणतो. मुकादम म्हणाला, कंपनीचं काय खरं, आज हाय उद्या नाय, मग माझ्याकडेच येशील.

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, चीनला नाय हटले, तुला काय हटू?"

टेबलावर एवढा हशा पिकला की शेठ केबिनमधून डोकावले.

पुढच्या आठवड्यात शाळा उघडली. ती सकाळी कामावर उशिरा आली. हे कधी होत नाही म्हणून मी बोलायला तोंड उघडणारच होते. पण तिचा चेहरा बघून थांबले. मुलीला पहिल्याच दिवशी पोचवायला शाळेत गेली होती, वर्गाच्या खिडकीशी उभी राहिली होती. बाईंनी हजेरी घेतली. दिवाळीनंतर वाडीची पोरं नसतातच, त्यामुळे सवयीनं त्यांनी तिच्या मुलीचं नाव गाळलं आणि पुढचं घेतलं. मुलगी उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "मी हाय."